फाइलवरची सही

रविवारी सकाळी साडेआठला ताई माझ्या दारात आली तेव्हा तिच्या हातात एक पिशवी होती आणि पिशवीत तिच्याच निळ्या सपाता. घरात घालायच्या, टाचेकडे झिजलेल्या. आत आल्या आल्या तिने त्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "या आज माझ्या दाराबाहेर होत्या. आत येणाऱ्याने काढून ठेवाव्यात तशा, जोडीने."

त्यात घाबरण्यासारखं काय आहे ते मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. नवऱ्याचं घर सोडून ती बाहेर पडली त्या दिवशी या सपाता तिकडेच पलंगाखाली राहिल्या होत्या.

ताई माझी मावसबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. एका मोठ्या हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीवर बसते. तिचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, लिफ्टचे मेकॅनिक. चारचौघांत अगदी लाघवी माणूस. माझ्या घरी आले की नळ गळतोय का, कडी नीट लागते का, न सांगता बघणार. मावशीच्या लेखी तर जावई म्हणजे देवमाणूस. या देवमाणसाने तिच्या लेकीचं मनगट दोनदा मोडलं होतं, हे आम्हाला ती बाहेर पडल्यावर समजलं. आठ वर्षं ती ओल्या फरशीवरून पाय घसरला म्हणूनच सांगत आली होती. पूर्वी ती त्याला 'हे' म्हणायची. आता 'तो' म्हणत होती आणि दर वेळी म्हणताना आवाज खाली आणत होती.

बाहेर पडून तिला तीन महिने झाले होते. नवीन सिम घेतलं होतं, नंबर फक्त आईला आणि हॉस्पिटलात दिला होता, फोन पार कोरा करून पुन्हा सुरू केला होता. भाड्याने जी खोली घेतली होती तिचा पत्ता आईलासुद्धा दिला नव्हता. हॉस्पिटल त्याला माहीत होतं, तिथे तिचा इलाज नव्हता. पण सुटताना ती मागच्या फाटकाने निघायची, दोन बस बदलायची, मधेच उतरून चालायची. तरी महिन्याभराने एक दिवस खोलीच्या कडीला तिची तिकडेच राहिलेली जुनी छत्री लटकवलेली दिसली. तिने आठवड्यात खोली बदलली. आणि आता सपाता. कुठल्याही इमारतीत शिरणं ही त्याची रोजची गोष्ट होती. खांद्याला अवजारांची पिशवी असली की लिफ्टचं काम आहे एवढं म्हणून तो कुणाही वॉचमनच्या पुढून निघून जायचा.

"मारायचं असतं तर आला असता ना आत," ताई म्हणाली. "तो नुसता सांगतोय. मला सगळं माहीत आहे, एवढंच सांगतोय."

मी तिचा फोन मागून घेतला.

माझं काम अ‍ॅप तपासण्याचं आहे. बँका, दुकानं, दवाखाने आपलं अ‍ॅप लोकांच्या हातात द्यायच्या आधी आमच्याकडे पाठवतात, आणि त्यात चोराला शिरायला कुठे फट राहिली आहे का ते आम्ही शोधतो. मावशी सगळ्यांना सांगते, छोटी मोबाइलचं काहीतरी करते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं मी काचेवर प्लॅस्टिक चिकटवून देते. त्या दिवशी मात्र मावशीच्या लेकीला माझं ते काहीतरी उपयोगी पडणार होतं.

ताईच्या फोनमध्ये फार अ‍ॅप्स नव्हती. त्यात एकाचं नाव होतं 'ड्यूटी'. वर हॉस्पिटलचं चिन्ह. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, आमचंच आहे, हजेरीसाठी. बाहेर पडल्यावर तिसऱ्या आठवड्यात मेसेजमधून फाइल आली होती, सर्व कर्मचाऱ्यांनी फोनमध्ये घालून घ्यावं म्हणून. हजेरीला ठिकाण लागतं, तातडीच्या हाकेला माइक लागतो, असं त्यात लिहिलं होतं. तिने दोन्हीला हो म्हटलं. उघडलं तर रिकामं कॅलेंडर दिसायचं आणि खाली 'लवकरच'.

"चाललं नाही कधी?"

"हॉस्पिटलचं आहे म्हटल्यावर चालणार कशाला," ताई म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा जराशी हसली.

मी माझ्या फोनवरून तिच्या खिडकीवरच्या मैत्रिणीला मेसेज केला, की ड्यूटी अ‍ॅपवर उद्याची पाळी दिसते का. उत्तर लगेच आलं. कसलं अ‍ॅप, पाळ्या अजून फळ्यावरच लिहितात की. मी तो मेसेज ताईला दाखवला. तिने वाचला, परत वाचला, आणि खुर्ची आपल्या फोनपासून मागे सरकवली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माइक चालू आहे. आम्ही अर्धा तास बोलत होतो. सपाता, छत्री, माझं घर, सगळं त्या टेबलावर फोनच्या समोर बोलून झालं होतं. मी ओठावर बोट ठेवलं आणि किराणा लिहायची वही ओढून घेतली.

पुढचा तासभर आम्ही तोंडाने एक बोलत होतो आणि वहीत दुसरंच लिहीत होतो. तोंडाने मावशीचे गुडघे, तिने डॉक्टरशी घातलेला वाद, तिला कुणाचंच कसं पटत नाही. वहीत ताईने लिहिलं, 'काढून टाक.' मी लिहिलं, 'नाही. काढलं तर त्याला कळेल. पुरावाही जाईल.' तिने लिहिलं, 'तो आता ऐकतोय?' मी लिहिलं, 'माहीत नाही.' त्यानंतर तिने वही माझ्याकडे सरकवली आणि पेन खाली ठेवलं.

मी केबल लावून अ‍ॅपची फाइल माझ्या लॅपटॉपवर उतरवली. अशी फाइल म्हणजे एक गाठोडंच असतं. सोडलं की आत अ‍ॅपचा कोड, चित्रं, कशाकशाची परवानगी हवी त्याची यादी, सगळं वेगवेगळं दिसतं. यादीत ठिकाण होतं, माइक होता, फोन सुरू होताच आपोआप जागं होण्याची परवानगी होती. हॉस्पिटलचं म्हणून काही नव्हतं, चिन्हाचं चित्र तेवढं होतं. मग मी सही पाहिली. प्रत्येक अ‍ॅपवर बनवणाऱ्याची एक सही असते, ती केल्याशिवाय फोन ते अ‍ॅप घेतच नाही. सहीबरोबर बनवणारा आपलं नाव लिहितो. ते नाव काहीही लिहिता येतं, कुणी तपासत नाही. इथे नावाच्या जागी एकच शब्द होता, 'मास्तर'.

नाव खोटं असू शकतं. पण सही ज्या किल्लीने होते ती किल्ली एकाचीच असते, आणि तिचा आकड्याअक्षरांचा एक लांबलचक ठसा फाइलवर उमटतो. आळशी माणूस सगळ्या अ‍ॅप्सना एकच किल्ली वापरतो. मी तो ठसा वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतला, कारण त्या क्षणी मला माझ्या लॅपटॉपचासुद्धा भरवसा वाटेना.

रात्र ताईने माझ्याकडेच काढली. माझं घर त्याला माहीत होतंच, पण आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, याचाच मला वेड्यासारखा आधार वाटत होता. सोमवारी ताईने रजा टाकली. तळमजल्यावर शिवणवाल्या काकू राहतात, त्यांना मी थोडक्यात सांगून ठेवलं. ताईला लिहून दिलं की कडी आणि साखळी दोन्ही लाव, फोन स्वयंपाकघरात रेडिओजवळ ठेव, काकूंशिवाय कुणीही आलं तरी उघडू नकोस. जिना उतरताना वरून साखळी लागल्याचा आवाज आला तेव्हा मी पुढचं पाऊल टाकलं.

ऑफिसात आमच्याकडे लाखो अ‍ॅप्सच्या ठशांचा साठा आहे. साहेबांना विचारून मी ठसा शोधायला लावला. पाच मिनिटांत तीन जुळले. एक बेकरीचं अ‍ॅप, एक पोहण्याच्या तलावाचं वेळापत्रक, एक शिकवणीच्या हजेरीचं. तिन्ही साधी, निरुपद्रवी, जराशी गबाळी. चारही अ‍ॅप्स एकाच हाताची होती. मला वाटलं होतं, ठसा जुळला की बरं वाटेल. तसं झालं नाही. तो माणूस खराच होता. आमच्याच शहरात कुठेतरी बसला होता, आणि ताईच्या खोलीतला आवाज त्याच्या हाताखालून जात होता.

तिथून मी पोलिसांच्या सायबर विभागातल्या बाईंकडे गेले. सगळे त्यांना मॅडम म्हणत होते. पन्नाशीच्या, बोलायला शांत. त्यांनी तक्रार लिहून घेतली, फाइल घेतली, सपातांचे फोटोही घेतले. फाइल ज्या नंबरावरून आली तो बंद होता. त्या म्हणाल्या, नवऱ्यावर संशय असणं वेगळं आणि तो शाबीत होणं वेगळं. बनवणारा सापडला तर बनवून घेणारा सापडेल. बुधवारपर्यंत माणूस पाठवते, तुम्ही एकट्या कुठे जाऊ नका, असंही त्यांनी बजावलं. मी मान डोलावली आणि सरळ बेकरीत गेले. बुधवारपर्यंत थांबायचं म्हणजे त्या घरात आणखी दोन दिवस मावशीच्या गुडघ्यांवर बोलत बसायचं. ते मला शक्य नव्हतं.

बेकरीवाल्या बाईंचे हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले होते. तुमचं अ‍ॅप छान आहे, मलाही करून घ्यायचंय, असं म्हटल्यावर त्यांनी कोपरानेच रस्त्यापलीकडे दाखवलं. औषधांच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर, टायपिंगचा क्लास. "मास्तरांना विचारा. फार सज्जन. आमच्या सासूबाईंना मोबाइल शिकवला त्यांनी, म्हणजे बघा."

जिना अरुंद होता आणि वर दारावर क्लासच्या वेळा लिहिल्या होत्या. पुढचा वर्ग चारला. आत सहा कॉम्प्युटर, त्यातल्या पाचांवर कापडी खोळी. खिडकीजवळ साठीचा एक माणूस स्वेटर घालून बसला होता, पडद्याला नाक लागेल इतका वाकून. मी आत आले तसं त्याने खुर्ची ओढून दिली. माझ्या मनातला राक्षस आणि हा माणूस यांचा काही मेळच बसेना, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. भाऊजीही असेच खुर्ची ओढून देत.

मी म्हटलं, एक अ‍ॅप करून हवंय. हॉस्पिटलच्या हजेरीसाठी. 'ड्यूटी' नावाचं.

त्यांचा हात माउसवर होता तिथेच राहिला. मग दाराकडे पाहून हळूच म्हणाले, "तुम्हाला त्या गृहस्थांनी पाठवलंय, की तुम्ही त्या बाईंकडच्या आहात?"

"त्या कोण?"

"ज्यांच्या फोनमध्ये ते आहे, त्या."

मी म्हटलं, मी तिची बहीण. त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग हळूहळू सगळं सांगितलं. वर्षापूर्वी एक लिफ्टवाला त्यांच्याकडे आला होता. बायको भ्रमिष्ट आहे, घरातून निघून जाते, रस्ता विसरते, असं सांगताना रडला होता. मास्तरांची आईही शेवटी अशीच झाली होती. त्यांनी त्याला ठिकाण कळवणारं अ‍ॅप करून दिलं. पुढे तो म्हणाला, बायको अ‍ॅप काढून टाकते, तर ते दुसऱ्या नावाने दिसेल असं करा. करून दिलं. मग आवाज ऐकू यायला हवा म्हणाला. तेव्हा मास्तरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. त्यांनी जमणार नाही असं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला होता, की तुमच्या मुलीच्या इमारतीच्या लिफ्टचं काम माझ्याकडेच आहे, बरं का मास्तर.

"मग करून दिलं," मास्तर म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "काल त्या गृहस्थांचा फोन आला होता. कुणी फाइल उघडून पाहिली तर बनवणारा सापडतो का, विचारत होते. मी नाही म्हणालो. मला खरंच वाटलं की सापडत नाही. तुम्हाला मी कसा सापडलो?"

"तुम्हीच सही केली आहे त्यावर," मी म्हटलं. "बेकरीच्या अ‍ॅपवर केलीत तीच."

पण माझं लक्ष त्यांच्या उत्तराकडे नव्हतं. काल त्याने विचारलं होतं. म्हणजे काल त्याने ऐकलं होतं. मी काय काम करते हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मी विचारलं, तो आता बघतोय का, हे तुम्हाला दिसतं का. मास्तरांनी मान डोलावली आणि पडदा माझ्याकडे वळवला. शहराचा नकाशा होता. त्यावर माझ्या गल्लीत, माझ्या इमारतीवर, एक निळा ठिपका. ती ताई. तिच्यापासून बोटभर अंतरावर एक राखाडी ठिपका होता.

"हा कुठला?"

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवून जवळून पाहिलं. "जो उघडून बघतो त्याचीही जागा नोंदली जाते. तपासायला म्हणून ठेवलं होतं, काढायचं राहिलं." त्यांनी वेळेच्या आकड्यावर बोट ठेवलं. "एका मिनिटापूर्वीचा आहे."

नकाशातली ती जागा मी रोज बघते. आमच्या फाटकासमोरचा दिव्याचा खांब. भरदुपारी तीनची वेळ, गल्लीत माणसं ये-जा करत असणार, आणि त्यांच्यात तो खांद्याला पिशवी लावून उभा असणार. कुणी त्याच्याकडे दोनदा बघणारही नाही.

ताईला फोन करता येत नव्हता. तिच्याजवळ तोच एक फोन होता. मी काकूंना लावला. सहा वेळा वाजला. काकू शिवणयंत्रावर असल्या की त्यांना काही ऐकू येत नाही. सातव्या वेळी उचलला. मी म्हटलं, काकू, ओरडू नका, ऐका फक्त. काकूंकडे माप द्यायला आलेल्या दोघीजणी होत्या. मी सांगितलं, त्या दोघींना घेऊन वर जा, ताईला तोंडाने काही न बोलता खाली आणा, फोन तिथेच राहू दे, तुमचं दार आतून लावून घ्या. काकूंनी एकही प्रश्न विचारला नाही. तेवढ्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन.

मग मॅडमना लावला. त्यांनी आधी मला झापलं आणि मग माणसं पाठवते म्हणाल्या, पण वीस मिनिटं लागतील. वीस मिनिटं खूप होती. त्याच्याकडे लिफ्टची अवजारं होती आणि माझ्या दाराला एक कडी आणि एक साखळी.

मास्तर पडद्याकडे बघत होते. म्हणाले, "मी तिचा ठिपका हलवू शकतो."

मला समजायला क्षणभर लागला. त्यांनी खऱ्या फोनकडून येणारी माहिती अडवली, माइक तोडला आणि जागेचे आकडे स्वतः टाकायला सुरुवात केली. निळा ठिपका माझ्या इमारतीतून बाहेर पडला. मागच्या गल्लीने, चालत्या माणसाच्या गतीने. मी मॅडमना विचारलं, कुठे नेऊ. त्या म्हणाल्या, बागेच्या मोठ्या फाटकाशी आणा, मागेच आमची चौकी आहे, चार मिनिटांत पोचतो.

राखाडी ठिपका जागेवरच होता. निळा बसथांब्यावर पोचला, थांबला, मग मास्तरांनी त्याला बसच्या वेगाने पुढे काढलं. एक थांबा, दोन थांबे. राखाडी हलेना. मला वाटलं, त्याने फोन खिशात टाकला आणि जिना चढायला लागला. काकूंचा मेसेज आला, 'खाली आणलं. कडी लावली. जिन्यात कुणीतरी आहे.'

ते शेवटचे तीन शब्द मी किती वेळा वाचले असतील कुणास ठाऊक. मग राखाडी ठिपका हलला. आधी थोडासा, मग मोठ्या रस्त्याकडे, मग झपाट्याने. मोटरसायकल. तो निळ्याच्या मागे निघाला होता.

अर्ध्या वाटेत तो थांबला आणि मास्तरांचा फोन वाजला.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"मास्तर, बरंय ना?" भाऊजींचा आवाज. तोच, माझ्या नळाची चौकशी करणारा. "ती बसने चाललीय असं दाखवतंय. पण आवाज येत नाहीये."

"बसमध्ये नेट तुटतं," मास्तर म्हणाले. त्यांचा एक हात माझ्यासमोर टेबलाची कड घट्ट धरून होता.

"असेल. कुणी आहे का तुमच्याकडे?"

"वर्ग चालू आहे."

"वर्ग चारला असतो ना?"

मी खुर्ची सरकवून शेजारच्या कॉम्प्युटरवरची खोळ काढली आणि कीबोर्ड बडवायला लागले. काही सुचेना म्हणून तीच तीच चार अक्षरं. मास्तरांनी फोनकडे बघतच दुसरा कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि मोकळ्या हाताने तेही टाइप करायला लागले. "परीक्षा जवळ आलीय," ते म्हणाले. "मुली लवकर येतात."

तिकडून तो ऐकत असणार. आम्ही दोघं वेड्यासारखे बडवत होतो. माझी बोटं घामाने निसटत होती.

"तुम्ही फार चांगले आहात, मास्तर," भाऊजी म्हणाले. "मुलीला विचारलं म्हणून सांगा." आणि फोन बंद झाला.

मास्तरांनी टाइप करणं थांबवलं नाही. मी त्यांचा हात धरला तेव्हा थांबले. राखाडी ठिपका बागेकडे वळला. आम्ही निळा ठिपका फाटकाशी आणून उभा केला आणि बघत राहिलो. राखाडी जवळ आला, फाटकाशी टेकला आणि मग कितीतरी वेळ तिथेच राहिला. तीन वाजून एकेचाळीस मिनिटांनी मॅडमचा फोन आला. ताब्यात घेतलंय, एवढंच म्हणाल्या. मी लगेच काकूंना फोन लावला.

त्याच्या पिशवीत पान्हे होते, दोर होता आणि माझ्या घराची किल्ली होती. ती त्याने कधी करून घेतली ते मला आजही ठाऊक नाही. त्या दिवशी मी कुलूप बदललं, आठवड्याने पुन्हा बदललं. ताई काकूंकडे नऊ दिवस राहिली. पहिले दोन दिवस काकू देतील ती बटणं नुसती लावत बसायची. दीड महिन्याने भाऊजी जामिनावर सुटले. तिच्या आसपास फिरकायचं नाही अशी अट घालून. ताईने बदली मागून घेतली आणि दुसऱ्या शहरात गेली. तिच्याजवळ आता साधा, बटणांचा फोन आहे. मी फोन केला की ती आधी काही क्षण गप्प राहते, माझा श्वास ओळखते, मगच 'हं, बोल' म्हणते. अटक झाली, खटला उभा राहिला, जामिनाला अट पडली, तरी ते क्षण काही कमी झालेले नाहीत.

मास्तरांनी सगळा जबाब दिला. त्यांच्यावरही गुन्हा दाखल झाला. आपण बाबांच्या बाजूने साक्ष द्याल का, असं त्यांच्या मुलीने मला विचारलं. त्यांनी जे बनवलं त्याने ताईची झोप उडवली, आणि त्यांनीच ती दुपार तारून नेली. कोर्टात मला दोन्ही सांगावं लागेल, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, बाबाही तेच म्हणतात.

पण मुख्य गोष्ट अटकेच्या दुसऱ्याच दिवशी कळली होती. मास्तरांच्या मशिनवर निळे ठिपके पाच होते. लिफ्टवाल्याने ती फाइल आपल्या चार मित्रांना दिली होती. कामावरचे, ओळखीचे. प्रत्येकाची बायको भ्रमिष्ट होती म्हणे. मॅडमनी ती व्यवस्था लगेच बंद केली नाही. अचानक बंद पडली तर चार घरांत काय होईल सांगता येत नव्हतं. आधी त्या बायकांना गाठायचं ठरलं. फोनमध्ये त्या फाइलचं चिन्ह कुठे असतं, ते कसं दाखवायचं हे मला माहीत होतं म्हणून मॅडमनी मला बरोबर घेतलं.

पहिलं घर चौथ्या मजल्यावर होतं. मॅडम साध्या कपड्यांत होत्या. मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून आणलं होतं: 'बोलू नका. फोन घरातच ठेवा आणि दोन मिनिटं जिन्यात या. आम्ही पोलीस आहोत.' घंटा वाजवली. माझ्याच वयाच्या एका बाईने दार उघडलं. तिच्या हातात फोन होता. मी पुठ्ठा वर धरला. तिने वाचायला सुरुवात केली, आणि आतून, अगदी जवळून, पुरुषाचा आवाज आला.

"कोण आहे गं?"

तिने शेवटपर्यंत वाचलं. चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. मग मान मागे न वळवता मोठ्याने म्हणाली, "कुणी नाही, पत्ता चुकलाय त्यांचा. जिन्यापर्यंत दाखवून येते." तिने फोन आतल्या कपाटावर ठेवला, अनवाणीच बाहेर आली आणि पाठीमागे दार ओढून घेतलं.